जिना चढून या, मग भांडा!

आमच्या धंद्यात तोंडाला कुलूप असतं. मेडिएटरच्या खोलीत जे बोललं जातं ते बाहेर सांगायचं नाही, हा पहिला नियम. त्यामुळं होतं काय, इतरांचे किस्से गप्पांत खर्च होतात आणि माझे नुसते साठत जातात! आता पार गळ्यापर्यंत आलेत. म्हणून नावं बदलून, थोडं इकडचं तिकडं करून सांगते. कुणाला ओळखलंत तर मनात हसा आणि गप्प बसा.

मी शमीम. सांगलीची. वकिली शिकले, पण कोर्टात भांडण्यापेक्षा भांडणं मिटवण्यात मला जास्त मजा येते. त्यातही परदेशाशी व्यापार करणाऱ्यांची. हळद, बेदाणा, डाळिंब, स्ट्रॉबेरी, आपल्याकडनं काय काय बाहेर जातं, आणि मालाच्या मागोमाग भांडणंही निघतात! माझं ऑफिस म्हणजे मार्केट यार्डात अब्बांच्या हळदीच्या दुकानावरची खोली. जिना इतका उभा आहे, की वर येईपर्यंत पक्षकाराचा निम्मा राग दम लागूनच उतरतो.

ही खोली खरं तर पोत्यांची. देतानाच अब्बांनी अट घातली. "परदेशचा एक तरी व्यापारी हा जिना चढून वर येऊ दे. खोली तुझी. न्हाईतर हळदीच्या सीझनला पोती परत वर!"

"कबूल!" म्हटलं. काही झालं तरी खोली सोडायची नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं होतं. ते अब्बांना सांगायची काही गरज नव्हती.

*

मेडिएशनचं ट्रेनिंग मुंबईत झालं. शिकवायला एक बडे वकील होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना विचारलं, प्रॅक्टिस कुठं करणार? कुणी सिंगापूर म्हणालं, कुणी लंडन. मी म्हटलं, "सांगली."

"इंटरनॅशनल ट्रेड? सांगलीत?" अख्खा वर्ग हसला. सर म्हणाले, "अहो, निदान पुण्यापर्यंत तरी या!"

"सर," म्हटलं, "हळद आमच्याकडनं जाते. भांडण तेवढं पुण्याला कशाला पाठवू?"

शेवटच्या दिवशी सरांनी सर्टिफिकेट दिलं, पण माझ्याशी हात काही मिळवला नाही. नका मिळवू! हात मिळवायला आमच्याकडं भरपूर माणसं आहेत.

*

ऑफिसातली पहिली केस. एक्स्पोर्टच्या धंद्यातले दोन पार्टनर, बोलाचाली बंद. त्यातला एक आधी आला. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसला, माझ्याकडं बघून म्हणाला, "साहेब कवा येणार? तवर जरा चहा सांगा की."

मी फोन करून चहा सांगितला. मग टेबलाच्या पलीकडं जाऊन माझ्या खुर्चीत बसले. "चहा सांगितलाय. साहेब आलेत. आता भांडण काय ते बोला!"

बिचारा इतका गडबडला, की पार्टनर आल्यावर उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली. केस तिथंच निम्मी मिटली.

संध्याकाळी अब्बांनी विचारलं, "परदेशचा हुता का?"

"इचलकरंजीचे होते दोघं."

"मग धरत न्हाई."

*

पोपटशेठ म्हणजे आमच्या यार्डातले हळदीचे मोठे एक्स्पोर्टर. त्यांचं हॅम्बुर्गच्या एका खरेदीदाराशी हळदीच्या रंगावरनं वाजलं. मिटवायला मी, पोपटशेठ आणि त्यांच्या बॅगेतला भडंगाचा डबा, असे तिघं हॅम्बुर्गला गेलो.

जर्मन माणसानं मीटिंगचा कार्यक्रम छापून ठेवला होता. ओळख, मग मालाची तपासणी, मग चक्क एक ओळ, 'भावना : पंधरा मिनिटं'!

मी मराठीत सांगितल्यावर पोपटशेठ उसळलेच. "पंधरा मिनिटं? अहो, ह्यानं माझ्या हळदीला फिकट म्हटलंय! माझं निम्मंबी व्हायचं न्हाई तेवढ्यात!"

मी त्या माणसाला म्हटलं, यांना वेळ वाढवून हवाय. त्यानं कागद पाहिला, गंभीरपणानं मान हलवली. म्हणाला, "ठीक आहे. मग आपण जेवणाची सुट्टी रद्द करू."

पोपटशेठ लगेच खाली बसले. "राहू द्या. बसवतो पंधरा मिनिटांत!"

भांडण मिटवून परत आल्यावर मी अब्बांना मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणानं ऐकून घेतलं. "तू तिकडं गेलीस गं. त्यो हितं कुटं आला?"

*

पुढची केस पाचगणीची. किसनदादा स्ट्रॉबेरी पिकवतात. त्यांची फळं गोठवून हॉलंडला जायची. काहीतरी बिनसलं आणि तिकडचा खरेदीदार स्वतः आला. बैठक किसनदादांच्या घरी, पडवीत.

वहिनींनी चहा आणला. पाहुणा हसून म्हणाला, "नो, थँक यू."

किसनदादा ताडकन उठले. "झालं! संपला इषय! माझ्या दारात येऊन चहाला न्हाई म्हणतो! ह्याला मिटवायचंच न्हाई!"

आता हे त्या गोऱ्या माणसाला कसं कळावं? आपल्याकडं वैर धरलेला माणूस समोरच्याच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाही. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं. तो घाबराघुबरा झाला. "अहो, पण मला चहानं ॲसिडिटी होते!"

"तुमच्या पोटाचं नंतर बघू," म्हटलं. "आधी कप उचला!"

त्यानं उचलला, पिऊन टाकला. कप रिकामा दिसला की वहिनी भरायच्या. भरलेला दिसला की तो सभ्यपणानं संपवायचा. कोण आधी थांबणार, तेच कळेना. भांडण तोवर केव्हाच मिटलं होतं! निघताना किसनदादा पाठ थोपटत मला म्हणाले, "चांगला हाय ओ माणूस. उगंच गैरसमज झाला."

अब्बांना म्हटलं, "हा तर घाट चढून आला!"

"घाट न्हाई," अब्बा म्हणाले. "जिना."

*

आणि सीझन आला. यार्डात हळदीच्या गाड्या लागल्या. अब्बांची पोती दुकानात भरली, ओट्यावर आली, मग जिन्याच्या पायथ्याशी. रोज सकाळी मी पोत्यांतनं वाट काढत वर जायची. अब्बा खालनं विचारायचे, "सामान कवा बांधतीस?" मी वरनं ओरडायची, "बांधणार नाही!" अम्मी म्हणायची, दोघंही एकाच मुशीतनं निघालेत.

नेमकं त्याच दिवसांत आटपाडीच्या बिरूतात्यांचं प्रकरण आलं. तात्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखली. आता डाळिंबाची बाग आहे, मेंढरंही आहेत. त्यांची डाळिंबं दुबईला गेली. तिथले व्यापारी सालेमशेठ म्हणाले, माल डागी निघाला. तात्या म्हणाले, बंदरात तुम्ही कुजवला! सालेमशेठच्या मुंबईच्या वकिलांनी बैठकीसाठी मुंबईचं फाइव्हस्टार हॉटेल ठरवलं.

तात्यांनी एका वाक्यात उडवून लावलं. "माल हितनं गेलाय. भांडणबी हितंच व्हईल."

मी लगेच सालेमशेठना कळवलं, आधी बाग डोळ्यांनी बघा, मग सांगलीत बसू. वकीलसाहेब तडकले, पण शेठना बाग बघायचीच होती.

आणि बाग बघून झाल्यावर एका दुपारी पांढऱ्याशुभ्र डगल्यातले सालेमशेठ, गुडघ्यावर हात देत, हळदीच्या पोत्यांमधनं माझा जिना चढले! डगल्याची खालची किनार पिवळी झाली. अब्बा गादीवर बसून बघत होते. मी वरनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

पण जिना चढून उपयोग काय? दोघंही हटून बसले. बागेवर एकत्र जेवलेली माणसं, आता कुणीच आकडा बोलेना. तात्या म्हणायचे, "मी आधी बोललो म्हंजी मी नमलो. आधी त्यांना बोलू द्या." सालेमशेठही तेच म्हणायचे, इंग्रजीत. मी वेगवेगळं बसवून विचारलं, तरी नाही. "तुमी पोचवणार त्यो आकडा. म्हंजी मीच आधी बोलल्यागत झालं की," तात्या म्हणाले. वकीलसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, आम्ही निघतो. मुंबईतच व्हायला हवं होतं हे!"

हे लोक असे खाली उतरले असते, तर यार्डभर बोभाटा झाला असता. आणि भांडण न मिटता चढलेला जिना अब्बांनी धरला नसता, पोती वर!

तेवढ्यात माझं लक्ष तात्यांच्या हाताकडं गेलं. मांडीवर बोटं हलत होती. मेंढरांच्या बाजारात सौदा करताना हलतात तशी.

मी जिन्यात जाऊन ओरडले, "अब्बा! रुमाल घेऊन वर या!"

पूर्वी हळदीचा सौदाही तसाच व्हायचा. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडातनं आकडा निघत नाही, त्यामुळं आधी कोण बोललं हा प्रश्नच नाही. यार्डात आता उघड लिलाव होतात, पण अब्बांच्या खांद्यावरचा तो मोठा रुमाल काही उतरलेला नाही.

रुमाल बघताच सालेमशेठ खुर्चीतनं उठलेच. "माझे आजोबा! मोत्यांचा व्यापार! अगदी असंच!" डोळे पुसत हसत होते. तात्यांना काय झालं ते कळेना. मी सांगितलं, तसे तेही उठले. "आरं तिच्या! मग आधी न्हाई का सांगायचं!"

वकीलसाहेब ओरडले, "मॅडम, ही कुठली प्रोसीजर? याचं रेकॉर्ड काय राहणार?"

"मेडिएशनची प्रोसीजर मी ठरवते," म्हटलं. "आणि रेकॉर्ड कराराचं राहतं साहेब, भांडणाचं नाही. बसा खाली!"

बसले.

कुठलं बोट म्हणजे किती, ते मी दोघांकडनं पक्कं करून घेतलं. अब्बांनी रुमाल टाकला. तात्या छताकडं बघत होते, शेठ खिडकीकडं. रुमाल मध्येच हलायचा, मध्येच थांबायचा. एकदा तात्यांनी हात ओढला, शेठनी सोडला नाही. मग दोघांनी एकदमच मान डोलावली. आकडा वकीलसाहेबांना करार टाइप होताना कळला.

सगळे गेले. अब्बा मात्र तिथंच उभे. खोलीकडं बघत म्हणाले, "परदेशचा माणूस जिना चढला. खोली तुझी."

मग रुमाल परत पसरला. "आता भाडं ठरवू."

मीही त्यांचीच पोरगी! रुमालाखाली हात घातला, आणि एकही बोट न देता मूठ घट्ट मिटून ठेवली.

अब्बांनी एक बोट उघडायचा प्रयत्न केला. मग दुसरं. मी मूठ सोडली नाही. मग अब्बा रुमाल तसाच माझ्या टेबलावर टाकून जिन्यापाशी गेले आणि खाली हमालांना ओरडले, "पोती गोडाउनला न्या रं! सौदा झालाय!"