मस्त जुळलं

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसात होतो. रडू आलं नाही, लाज वाटली. मातीला डोणगावात पोचलो तरी मान वर होईना... आता महिना होत आला, पण ती लाज काही हलत नाही.

आम्ही शाळेपासूनचे. त्याचं गावात बी-बियाण्यांचं दुकान, मी सॉफ्टवेअर लिहितो. सीटी स्कॅनमध्ये शरीराचे पातळ पातळ काप टिपतात. माणूस हलला, नुसता श्वास घेतला तरी काप सरकतात. ते एकमेकांवर नीट बसवून आतला अवयव अख्खा उभा करायचा, हे माझं काम. दिवाळीनंतर सलीमचं पोट दुखायला लागलं, बुलढाण्याला स्कॅन झालं. रिपोर्ट यायचा होता. तोवर त्यानं हौसेनं सीडी माझ्याकडे धाडली. लिव्हरची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसत होती. फोन करून विचारलं, श्वास का नाही रोखलास?

"तो मशीनवाला म्हणे, दम धरा. मी तं दम धरूनच होतो बे, घाई कोणाले होती?"

दम धरा म्हणजे जरा थांबा, असं समजून हा पठ्ठ्या आरामात श्वास घेत पडला होता. खूप हसलो आम्ही.

मग मी कामाला बसलो. एकेक काप सरकवत गेलो आणि कड हळूहळू गुळगुळीत झाली. खरं सांगतो, हे मित्राचं लिव्हर आहे हे मी विसरलोच. स्वतःच्या हातावर खूश होतो. तेवढ्यात त्याचा फोन.

"कसा दिसून राह्यलो मी?"

"मस्त जुळलं," मी म्हणालो. मी चित्राबद्दल बोलत होतो, तो स्वतःबद्दल ऐकत होता. त्यानं दुकानात पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ होती, पसरलेली. ती ओळखणं माझं काम नव्हतं, मान्य. पण मग तोंड तरी कशाला उघडलं?

माफी मागायला त्याच्या दुकानात गेलो. त्यानं विकलेल्या बीटी कपाशीत गुलाबी अळी शिरली त्या वर्षी लोक याच दुकानासमोर बोंडं फोडून दाखवत, आणि सलीम शटर न ओढता खाली मान घालून ऐकत बसे. त्यानं मला शेजारी बसवलं, चहा सांगितला.

"जाऊ दे बे. मीबी लोकायले सांगतच होतो ना, याले अळी लागत नाही म्हणून. मलेबी तसंच दिसून राह्यलं होतं."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मातीनंतर भाभी परद्याआडून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याशी फोनवर बोलले त्या दिवशी ते पोटभर जेवले. मंग कधीच नाही." त्या माझे आभार मानत होत्या... मी जमिनीकडे बघत राहिलो.

पुण्याला आल्यावर जुळवलेलं चित्र पुसून टाकलं. सीडीवरचे मूळ काप ठेवलेत. अधूनमधून एकामागून एक सरकवतो. कड वर जाते, खाली येते. सलीम श्वास घेत असतो.