मोरीत ओतलेली बाटली

दारू सोडून मला एकोणीस वर्षं झाली. आता मी पिणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना उपचारांसाठी तयार करतो. परवा एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे गेलो होतो. तासभर बोलल्यावर त्यांनी कपाटातली अर्धी बाटली काढून माझ्या हातात दिली. "तुम्हीच ओता मोरीत."

झाकण उघडताच वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. मी बाटली त्यांच्या पत्नीकडे दिली. "वहिनी, तुम्ही ओता. मला भीती वाटते."

सर माझ्याकडे बघत राहिले. "इतक्या वर्षांनीही?"

"रोज वाटते."

ही भीती ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवसाला मी सर्वांत जास्त भितो.

"मग येतो मी तुमच्याबरोबर," म्हणत सर कपडे भरायला गेले. वहिनींनी ओतलेल्या दारूचा वास मोरीतून येत होता; ते येईपर्यंत घरात थांबायचा धीर मला झाला नाही.