ताईला पाहायला आले तेव्हा गिटार दिवाणावर होती

पुलगावात आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागेच घर. मी वर्ध्याच्या कॉलेजात शिकत होतो तेव्हाची, नव्वदच्या दशकातली गोष्ट. बदली होऊन निघालेल्या एका फौजी शेजाऱ्याकडून मी जुनी गिटार घेतली होती. ती कूलरशेजारी खिळ्याला टांगायचो. उन्हाळाभर ओलसर वारा खाऊन तिची खालची लाकडी पट्टी, जिच्यात तारा अडकवतात ती, एका बाजूनं सुटली. फट पोस्टकार्ड शिरेल एवढीच.

मी बाबांना नुसतं सांगितलं. बाबा कोपऱ्यावरच्या सुताराकडून लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद घेऊन आले आणि सोबत एक सूचनाही: चोवीस तास दाबून ठेवायचं, हलवायचं नाही. सूचना पाळण्यात बाबा फार कडक. डॉक्टरांनी जेवणानंतर गोळी सांगितली की शेवटचा घास गिळताना त्यांच्या हातात गोळी तयार असे.

दिवाण सपाट आहे की नाही ते त्यांनी गोटी ठेवून तपासलं. मी तारा काढल्या, त्यांनी गोंद भरला, पट्टीवर फळकुट ठेवलं आणि त्यावर दुकानातलं पाच किलोचं लोखंडी वजन. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. थोड्या वेळानं एक बाई पाच किलो तांदूळ मागायला आल्या. बाबांनी दोन, दोन आणि एक असं मोजून दिलं.

बाराच्या सुमारास फोन आला. ताईला पाहायला रविवारी येणार होते ते लोक आजच चारला येतो म्हणाले.

आई म्हणाली, "ते उचला तिथून. पाहुणे कुठं बसतीन?"

"उद्या अकरापर्यंत हलवता येत नाई," बाबा म्हणाले. "खुर्च्या आणतो शेजारून."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकायले चोवीस तास समजतात."

शेवटी आईनं गिटारीवर पांढरी चादर टाकली. ते बरं झालं नाही. दिवाणावर कोणीतरी लांब मान करून निजल्यासारखं दिसू लागलं, आणि पोटावर वजनाचा उंचवटा.

चारला मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा आले. मुलगा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहायचा; मामांची वर्ध्याला आरागिरणी होती. मुलाच्या आईनं चप्पल काढता काढता दिवाणाकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोन बिमार हाये?"

"गिटार," बाबा म्हणाले. "उद्या अकराले उठवू."

त्या दिवाणापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसल्या. मामा मात्र उठले आणि त्यांनी चादर अलगद बाजूला केली. लाकडाचा माणूस. वाकून त्यांनी फटीला डोळा लावला.

"वजन मधात ठेवलं तुमी. कोपरा तसाच उचलेल हाये. गोंद पकडून राह्यला, पण कोपऱ्यावर दाब पाह्यजे."

"सुतारानं तसं सांगतलं नाई," बाबा म्हणाले.

"सुताराले काय. तिथं हातच लागन." मामांनी खोलीत पाहिलं. बाबांचा अंगठा संधिवातानं वाकडा, माझा त्यांना बारीक वाटला. मग ते भाच्याला म्हणाले, "ये इकडं. अंगठा ठेवजो इथं. गोंद पकडेपर्यंत सोडजो नोको."

मुलगा नवा शर्ट सावरत दिवाणाशेजारी पाटावर बसला आणि अंगठा ठेवला. मामा आणि बाबा खुर्च्या ओढून सागवान आणि शिसवीवर बोलू लागले. मुलाचे वडीलही त्यात सामील झाले. लग्नाचा विषय कोणाच्या तोंडी नव्हता.

ताई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. सगळ्यांनी बशा घेतल्या. मुलाचा उजवा हात गुंतलेला, आणि डाव्यानं खाणं तर होणार नाही. आईनं मला डोळ्यानं खुणावलं. मी बशी घेतली आणि त्याला चमच्यानं पोहे भरवले. त्यानं मान खाली घालून सगळे खाल्ले. वर चिवडा हवा का विचारलं तर हो म्हणाला.

ताई समोर बसली होती. कोणी काही विचारेना म्हणून शेवटी मुलानंच विचारलं, "तुम्ही वाजवता का?"

"नाही. भाऊ वाजवतो."

"कसा वाजवतो?"

"वाईट," ताई म्हणाली.

त्यानं समजल्यासारखी मान हलवली. पाऊण तासानं मामांनी परवानगी दिल्यावर त्यानं अंगठा काढला. त्यावर पट्टीच्या काठाचा लाल वळ उठला होता. नमस्कार चमत्कार झाले आणि ते लोक बसस्टँडकडे गेले.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. बाबा मोठ्यानं बोलत होते: "पक्की बसली. हो. हलत नाई." फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "पोरीचं काय म्हणले?"

बाबा म्हणाले, "ते विचारायचं राह्यलं."

नंतर दोन आठवडे असंच चाललं. मामा फोन करत, गिटारीची खुशाली घेत. त्यांना वाटे मुलीकडच्यांनी विषय काढावा, बाबांना वाटे मुलाकडच्यांनी. एका दुपारी ताई न सांगता एसटीडी बूथवर गेली आणि जिनिंगच्या ऑफिसात फोन लावला. परत येऊन म्हणाली, "हो म्हणाले. मीही हो म्हटलं." आई रडली. बाबांनी विचारलं, किती मिनिटं बोललीस.

लग्न दिवाळीनंतर झालं. गिटारीला मी नव्या तारा चढवल्या, पण ती सुरात लागेना. खालचे सूर जुळवावेत तर वरचे बिघडत. दोन वर्षं मी स्वतःलाच दोष देत राहिलो. मग नागपूरला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला दाखवली. त्यानं पट्टीवर मोजपट्टी धरली. एक बाजू जराशी सरकलेली होती.

"किसने बिठाया ये?"

"हमारे जीजाजी ने."

त्यानं नखानं काठ चाचपून पाहिला. "मजबूत बिठाया है. अब निकालूंगा तो लकड़ी फटेगी." गिटार त्यानं कापडात गुंडाळून परत दिली. "रहने दो. रिश्तेदारी का मामला है."