आईनं पोहायला शिकवलेली मुलगी

गोंदियाला गाडी बदलली आणि आईची भाषाही बदलली. पुण्यात माझ्याशी ‘मला’, ‘तुला’ असं बोलणारी माझी ब्याऐंशी वर्षांची आई फलाटावरच्या चहावाल्याला म्हणाली, “मले बिनसाखरेचा देजो.” मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

आम्ही बालाघाटला निघालो होतो. आईनं तिथल्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून काढली. वडील गेले तेव्हा मी वर्षाचीही नव्हते. तिची ड्युटी सांभाळून मला वाढवणं जमेना, म्हणून मामानं मला अमरावतीला नेलं. दिवाळीत आणि मे महिन्यात ती तिकडे यायची, आठ-दहा दिवस राहायची आणि परत जायची. निवृत्तीनंतर ती माझ्याकडे पुण्याला आली, त्याला आता वीस वर्षं झाली. यंदा दवाखान्याच्या क्वार्टरांमध्ये वाढलेल्या मुलांनी, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेल्या माणसांनी, एक मेळावा ठरवला होता. सिस्टरबाईंना घेऊन याच, असे शोभाचे चार फोन आले. शोभा ही शेजारच्या क्वार्टरमधली, जखमा बांधणाऱ्या ड्रेसरची मुलगी, माझ्याच वयाची. आईच्या तोंडून मी तिचं नाव इतक्यांदा ऐकलं होतं की मला ती नकोशीच झाली होती.

बाघ नदीचा पूल मागे पडला आणि मध्य प्रदेश सुरू झाला. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती. कापलेल्या पेंढ्या बांधावर ओळीनं आडव्या पडल्या होत्या आणि डब्यात भुशाचा कोरडा, गोडसर वास येत होता. आई खिडकीला नाक लावून बसली होती. पुण्यात ती अशी कधी बसलेली मी पाहिली नाही.

बालाघाट स्टेशनवर शोभा उभी होती. ठेंगणी, पिकल्या केसांची, जवळच्या लामता गावातल्या शाळेत शिक्षिका. तिनं आईला मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, गुडघ्याला तेल कोण लावतं. मी पिशव्या उचलल्या.

संध्याकाळी तिच्याकडे जेवलो. चिन्नोरचा भात (इकडचा बारीक, सुवासिक तांदूळ), वरण आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. भाताचं झाकण काढताच घरभर वास पसरला. शोभानं तळाचा किंचित करपलेला थर खरवडून आईच्या ताटात वाढला. आईला तो आवडतो हे तिला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. घरी एका फुलक्यावर जेवण आटोपणारी आई दोनदा भात मागून जेवली.

जेवताना शोभा सहज म्हणाली, “मावशीनं मले वैनगंगेत पोहायले शिकवलं, सांगितलं असंन ना तुले? पोटाखाली हात धरे अन् म्हणे, माहा हात हाय खाली, तू फक्त पाय मार. एक दिवस पाह्यलं तं हात नाही, अन् मी पोहून राह्यली होती.”

आईला पोहता येतं हे मला तेव्हा कळलं. माझी मुलं पुण्यात पोहायला शिकली, तेव्हा ही बाई त्यांचे टॉवेल मांडीवर घेऊन महिनाभर बाकावर बसली होती. एका शब्दानं बोलली नव्हती. मी वड्याचा तुकडा बराच वेळ चावत राहिले. पन्नाशी उलटलेल्या बाईला असा हेवा वाटावा याची लाजही वाटत होती, पण वाटायचं थांबत नव्हतं.

मेळावा दुसऱ्या दिवशी सकाळी एका मंगल कार्यालयात होता. प्रत्येकानं उठायचं, नाव-गाव सांगायचं आणि लहानपणीची एक आठवण सांगायची. कुणी हिंदीत बोलत होतं, कुणी मराठीत, बहुतेक जण दोन्हींत मिळून. आणि जो उठेल त्याच्या आठवणीत माझी आई होती. एकाला तिनं सुई टोचून वर बत्तासा दिला होता. एकीचे केस ती रोज विंचरायची, कारण तिची आई सहा महिने अंथरुणाला खिळली होती. त्या सहा महिन्यांत मी अमरावतीला मामीकडून वेणी घालून घेत होते. आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून हसत होती.

माझी पाळी आली. दोन ओळींत आभार मानून बसायचं, असं मी ठरवलं होतं. उभी राहिले आणि म्हणाले, “मला आईनं इथं वैनगंगेत पोहायला शिकवलं.” मग थांबताच येईना. पोटाखालचा हात, पाय मार म्हणणं, हात काढून घेतलेला न कळणं, सगळं मी माझं म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. आई मांडीवरच्या रुमालाकडे बघत होती.

मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हिंदीत विचारलं, “बेटी, तुम तो यहाँ रहती नहीं थीं?”

तेवढ्यात शोभा बसल्या जागेवरून म्हणाली, “सुट्टीत येत होती ना ते. आम्ही दोघी संगच शिकलो.”

पुढची पाळी तिचीच होती. तिनं दवाखान्यामागच्या पेरूच्या झाडाबद्दल काहीतरी सांगितलं, अडखळत सांगितलं आणि पटकन बसली. ती काय सांगायला आली होती हे मला कळलं.

दुपारी आम्ही तिघी वैनगंगेच्या घाटावर गेलो. शेवाळावरून माझा पाय घसरला आणि मी गुडघ्यापर्यंत भिजले. शोभानं दंड धरून वर ओढलं आणि सुकायला ठेवते म्हणून माझ्या चपला घेऊन वरच्या पायरीवर जाऊन बसली. आई आणि मी खाली राहिलो. मी म्हणाले, “आई, मी खोटं बोलले.”

“माहीत हाय.” ती माझ्याशीही तिथल्याच भाषेत बोलली, आयुष्यात पहिल्यांदा. मग म्हणाली, “मामीनं तुले एकदा इथं आणलं होतं. सात वर्षांची होतीस. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राह्यली अन् दोन्ही हात पुढं केले. तू मामीच्या मागं लपली. म्हणे, मी नाही जात त्या बाईकडे.”

मला काहीच आठवत नव्हतं.

“शोभी काठावर उभी होती. मंग मी तिले घेतलं.”

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुझा त्यात दोष नव्हता, आपली ओळखच नव्हती, आणि सांगितलं असतं तर तू ते मनाला लावून घेतलं असतंस. मी तिचा हात धरला. सुरकुतलेला, हलका झालेला हात. धरला आणि सोडवेना.

परतताना मी शोभाची माफी मागितली. ती हसली. “राहू दे ना ते तुह्याजवळ,” म्हणाली. “माह्याजवळ लय हायेत.”

ती हे अगदी मनापासून बोलली. आणि खरं सांगते, पुन्हा तोच हेवा वाटला. लय हायेत.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत समोर एक बाई होती, तिरोडीहून नातेवाइकांकडे निघालेली. आई टेकून झोपली होती. बाईनं तिच्याकडे बघून विचारलं, तुम्ही बालाघाटच्याच का.

आदल्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं आणि पुढं रचत गेले असते. “नाही,” मी म्हणाले. “आई इथं होती. मी लहानपणी एकदाच आले होते. आई पाण्यातून बोलावत होती आणि मी गेले नाही.”

माझ्या बालपणातलं हे एवढं तरी कुणाकडून उसनं आणलेलं नव्हतं. ते माझं होतं. मी आईच्या बाजूला सरकले आणि तिची मान माझ्या खांद्यावर घेतली.