राबाची राख

१ मे २०२३ रोजी सोमवार होता आणि महाराष्ट्र दिनाची सार्वजनिक सुटी होती. शनिवार-रविवारला जोडून आलेली ही सुटी दर्शना उतेकर हिने आंबेनळी घाटाखालच्या आपल्या वाडीत राब भाजण्यात घालवली, एवढे खात्रीने सांगता येते. भाताचे रोप टाकायच्या जागेवर शेण, पातेरा, वाळल्या फांद्या रचून पेटवायच्या. तण मरते, राख जमिनीत मुरते. वडील गेल्यापासून हे काम तिच्या वाट्याला आले होते. आई चंपाबाईचे गुडघे साथ देत नव्हते आणि भाऊ हैबती मुंबईहून गणपतीला नि शिमग्याला तेवढा उगवत असे.

मुंबईत दर्शनाचे काम याच्या अगदी उलट होते. महाडला आयटीआय करून ती एका विद्यापीठाच्या सामाईक नॅनोफॅब्रिकेशन केंद्रात कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून लागली होती. संशोधक, विद्यार्थी, बाहेरच्या कंपन्या, सगळे तिथली यंत्रे आळीपाळीने वापरत. सिलिकॉनच्या चकत्यांवर डोळ्यांना न दिसणाऱ्या रचना घडवायच्या, म्हणून आत धुळीला मज्जाव. अंगभर पांढरा पोशाख, तोंडावर पट्टी, काजळ-पावडर बंद. चकत्यांवर काचेसारखा पातळ थर चढवणारी भट्टी दर्शना सांभाळत असे आणि त्या भट्टीचा तिला अभिमान होता.

राब आटोपल्यावर तिने वाडीतच शिकेकाईने केस खळखळून धुतले, रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली आणि मंगळवारी भट्टी लावली. पुढच्या आठवड्यात तपासणीत त्या खेपेच्या थरात तो निकामी करणारे पोटॅशियम सापडले. एका कंपनीच्या चकत्या आणि हृतिक नावाच्या विद्यार्थ्याचे कित्येक महिन्यांचे काम वाया गेले. केंद्राच्या प्रमुख अनुपमा दांडेकर यांनी सगळ्यांना एकच विचारले, सुटीत कुठे होतात? दर्शनाने राबाचे सांगितले. लाकडाच्या राखेत पोटॅशियम भरपूर असते. पुढे कोणी काही विचारलेच नाही.

तिला भट्टीवरून काढून पोशाखांच्या खोलीत बसवले. इतर आत जाताना त्यांना पोशाख द्यायचे, बाहेर येताना घ्यायचे. तिचा राग फार दिवस टिकला नाही. थकवा मात्र टिकला.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस अनुपमा म्हणाल्या, "यंदा धुरात गेली नाहीस तर सोमवारपासून भट्टी पुन्हा तुझी." दर्शना वाडीत गेली, पण राब भाजायला शेजारच्या महिपतला सांगून ती दार-खिडक्या लावून घरात बसून राहिली. उकाड्याने जीव नकोसा झाला होता.

"मंबईला जाऊन धूर पन बाधाया लागला काय गो तुला?" महिपत खिडकीबाहेरून ओरडला.

"मला नाय बाधत, महिपतदादा. भट्टीला बाधतो."

"भट्टीला धूर बाधतो? मंग ती पेटते कशी?"

भट्टी विजेची आहे, तिला धूर नसतो, हे समजावण्याइतके त्राण तिच्यात उरले नव्हते. "तू राब बघ रे," चंपाबाईने त्याला पिटाळले.

रविवारी निघताना दर्शना उंबऱ्याशी वाकली आणि आईने ग्रामदेवीचा अंगारा बोटावर घेतला. प्रवासाला निघणाऱ्याच्या कपाळी तो लावायचाच, हा घरचा रिवाज. बोट कपाळाला टेकणार तोच दर्शनाने तिचे मनगट धरले.

"आई, गेल्या साली लावला होतास?"

"लावला असंल."

"असंल नको. आठव."

"काय आठवू? तू वाकतेस, मी लावते. दर टायमाला!"

केस धुतले होते ते निघण्याआधी. अंगारा लागतो तो त्यानंतर. मुंबईत सकाळी तोंड धुतले असणारच. पण केसांच्या मुळाशी?

"आज नको लावू."

"देवीचा हाय गो. राख नाय ती."

"ठाव हाय मला. माज्या नावानं तू लावून घे."

चंपाबाईने तिच्याकडे न बघता तो स्वतःच्या कपाळाला लावला.

वीर स्टेशनावर दर्शना फोन हातात धरून बराच वेळ बसली. गप्प राहिले तर उद्यापासून भट्टी आपली. पण आज कपाळ आपसूक पुढे झाले होते. उद्या आणखी कोणाचे होईल. तिने नंबर लावला.

"मॅडम, राबाचं सांगितलं होतं. अंगाऱ्याचं राहिलं."

सगळे ऐकून अनुपमांनी विचारले, "पण त्या दिवशी लावला होता का?"

"आईला आठवत नाही. मलाही नाही."

"मग आत्ताच कशाला सांगितलंस ग? आता मला हे केंद्राच्या समितीपुढे ठेवावं लागेल. उद्या भट्टी नाही देता यायची."

"ठेवा, मॅडम," दर्शना म्हणाली. गाडी आली. खिडकीशी जागा मिळाली आणि रोह्याच्या आतच तिला झोप लागली.

भट्टी तिला परत मिळाली ती दिवाळीनंतर. आत जाणाऱ्या प्रत्येकाला आता धुराबरोबरच अंगारा, भस्म आणि कुंकवाबद्दलही विचारतात. १ मे २०२३ रोजी तिच्या कपाळाला अंगारा होता की नाही, हे ठरवता येत नाही. कंपनीच्या चकत्या आल्या तेव्हाच स्वच्छ होत्या का, हे त्या वेळी कोणी तपासले नव्हते, आणि वाडीतली राख ताडून पाहण्याचे कोणाला सुचले तोवर बिघडलेल्या चकत्या टाकून दिल्या गेल्या होत्या. पोटॅशियम कुठून आले, हे आजही माहीत नाही.