तासगावहून आलेला निरोप

आईनं दोनदा विचारलं, तरी तिलाही सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते — कसं सांगायचं, ते मात्र अजून कळत नाही.

भरत आणि मी सांगलीत एकाच वर्गात होतो. तो तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. कल्पना त्याचीच — रिक्षा, घंटागाड्या, गावोगावची माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीप, सगळ्यांवर वायफायचा एकेक डबा बसवायचा. जवळून जाताना एका गाडीनं दुसरीला निरोप द्यायचा, असं करत टॉवर नसलेल्या वस्तीवरही नेट पोचवायचं. दोघांनी कंपनी काढली. खरं सांगू? मला कंपनीपेक्षा तोच हवा होता.

पुण्याहून गुंतवणूकदार येणार होते. भरत तासगावात बेदाण्याच्या शेडवरून निरोप सोडणार, वडापची जीप तो निरोप सांगलीला आणणार, मी सांगलीत पाहुण्यांना दाखवणार. सकाळी जीपमधला डबा चालू करायचा — एवढंच माझं काम. आणि मी? आरशासमोर साड्या बदलत बसले. संध्याकाळी तो बघेल ना, म्हणून. स्टँडवर पोचले तर जीप निघून गेलेली. भरतला फोन करून तासगावात डबा चालू करायला सांगता आलं असतं. लाज वाटली — नाही केला.

जीप परतली. लॅपटॉपवर काहीच नाही. पाहुणे घड्याळ बघत उठले.

भरत धावतपळत आला. चेहरा उतरलेला. “माझंच कायतरी चुकलंय गं. प्रोग्रॅममध्येच खोट हाय.”

मी काय म्हणाले असेन? “असेल.”

दुसऱ्या दिवशी गुपचूप डबा चालू केला. जीप तासगावला जाऊन आली, आणि शेडवर अडकून राहिलेला त्याचा आदल्या दिवशीचा निरोप लॅपटॉपवर उमटला — ‘वाचलंस ना? मग जिंकलो आपण.’

आपण. त्या एका शब्दाकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग निरोप पुसून टाकला.

पुढं कितीतरी आठवडे तो नसलेली चूक शोधत होता. मी शेजारी बसून असायचे — तेवढाच तो जवळ. शेवटी कंपनी बंद झाली. तो बागेत गेला, मी साताऱ्याला नोकरीला.

गेल्या महिन्यात तासगावला त्याच्या घरी गेले होते. रापलाय. कॉम्प्युटरला हात लावत नाही म्हणाला.

“बरं झालं गं, लवकर कळलं. माझ्या डोक्याचं कामच न्हवतं ते.”

त्याची बायको चहा घेऊन आली. तो माझ्याकडं बघून हसत होता — अगदी पूर्वीसारखा.

मी म्हणाले, “चहा छान झालाय.”