पायांवर बसणारी मुलगी

अडीच वर्षांची असताना माझ्या मुलीला शू आली की नीट सांगता येत होतं. कपडे ओले करणं तिला स्वतःलाच खपत नसे. आमची अडचण त्याच्या पुढची होती. "शू आली" असं जाहीर करून ती पाय शोधायला लागायची. कोणीतरी जमिनीवर बसायचं, पाय लांब करायचे, दोन पावलांमध्ये फट ठेवायची आणि त्या पावलांवर हिला बसवून "शूऽऽ" करत राहायचं. पाय मिळाले नाहीत तर ती मांड्या आवळून उभी राहायची, रडायची, पण सोडायची नाही.

ही सवय सासूबाईंची. आमच्याकडे मूल मान धरू लागलं की त्याला असंच पायांवर धरतात. पुढे ते चालायला लागतं, अंगणात उकिडवं बसतं आणि विषय संपतो. आमचा संपला नाही, कारण आजीला नातीचं ओझं होत नव्हतं आणि नातीला आजीचे पाय सोडवत नव्हते. आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचंच होतं.

मग मला नर्सची नोकरी लागली. उपकेंद्र दुसऱ्या गावात, सकाळच्या बसने जायचं आणि संध्याकाळच्या बसने अनसिंगला परत यायचं. शिक्षण संपल्यापासून मी याच नोकरीची वाट बघत होते. सोयाबीन सोंगणीला आलेलं, त्यामुळे नवरा आणि सासूबाई दिवसभर शेतात. तीन वर्षांखालचं मूल सांभाळणारी बालवाडी गावात एकच, आणि तिथल्या बाई कडक. स्वतःच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्या बालवाडी चालवायच्या. साडीची इस्त्री मोडू नये म्हणून मुलांना हातभर लांबच ठेवतात, अशी त्यांची ख्याती होती.

"सिस्टर, इथं पोरगी सोता बसली पाहिजे," त्या म्हणाल्या. "आमी काई कोणाले धरून बसत नाई. जमलं तर ठेवजा, नाईतर घरी नेजा."

घरी नेलं तर नोकरी गेली, एवढा सरळ हिशोब होता. मी शिकवायला घेतलं.

आधी वाशीमहून प्लास्टिकची शीची खुर्ची आणली. बदकाच्या आकाराची, पिवळी. मुलीने तिच्यात बाहुलीला आंघोळ घातली. सासूबाईंनी खुर्ची उलटसुलट करून बघितली.

"खुर्चीवर बसून कोनी हागते का व?"

"शहरात सगळी मुलं बसतात, आई."

"मंग तिकडच्या पोट्ट्यायचं पोट साफ कसं होते?"

यावर नर्सिंगच्या पुस्तकात काही नव्हतं.

मग मी घरामागच्या ढिगातल्या दोन विटा आणल्या, पावलांइतकं अंतर ठेवून मोरीत मांडल्या आणि त्यांना सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला. मुलीने कापड उचलून खाली बघितलं, विटेला हात लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले.

"पाय नाई," ती म्हणाली.

एका रविवारी नवऱ्याने जबाबदारी घेतली. त्याच्या तळव्यांना भयंकर गुदगुल्या होतात, हे लग्नाला इतकी वर्षं होऊन मला तेव्हा कळलं. ती बसली की तो हसायचा, तो हसला की ती हसायची, आणि हसता हसता शू थांबायची. दोघं मोरीत लोळायचे बाकी होते. मला मात्र त्या दिवशी दोघांचाही राग आला. रुजू व्हायचा दिवस माझा होता, त्यांचा नव्हता.

तो दिवस आला तेव्हा काहीच जमलेलं नव्हतं. मी पिशवीत चड्ड्या भरल्या, मुलीला बालवाडीत सोडलं आणि बाईंना काही न सांगता बस पकडली. उपकेंद्रात पहिल्याच दिवशी लसीकरण होतं. बायका ओट्यावर बाळं घेऊन बसल्या होत्या आणि मी त्यांना लसीनंतर बाळाची काळजी कशी घ्यायची ते सांगत होते. फोन एप्रनच्या खिशात होता. तो वाजला नाही, याचंच जास्त टेन्शन आलं. दुपारनंतर माझी खात्रीच पटली की बाई फोनवर बोलणार नाहीत, समोर उभं करून बोलतील. परतीच्या बसमध्ये मी त्यांना काय काय विनवायचं ते ठरवत होते, आणि त्यांनी नाहीच म्हटलं तर ऑफिसला काय कळवायचं तेही.

बालवाडी सुटलेली होती. पोरं घरी गेली होती. बाई अंगणातल्या नळाजवळ उभ्या होत्या, साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेली, आणि साबणाने पाय धूत होत्या. माझी मुलगी शेजारी उभी राहून अगदी मन लावून मगाने त्यांच्या पावलांवर पाणी ओतत होती. तिच्या अंगावर सकाळचेच कपडे होते, कोरडे.



"दुपारपावतर धरून ठेवलं तिनं," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पोट टम्म झालं लेकराचं. मंग काय करता?"

"बाई, मी तुम्हाला आधीच सांगायला…"

"राहू द्या." त्यांनी नळ बंद केला आणि निऱ्या खाली सोडल्या. साडीची इस्त्री पार गेली होती. "उद्या येतानी माह्यासाठी एक पाट घेऊन येजा. फरशीवर बसून कंबर धरते."